मतं मोजून दाखवा : पसंतीक्रमाच्या मतदानासाठी स्थानिक मोहीम कशी चालवावी

उमेदवारांच्या नावांपुढे १, २, ३ असे आकडे घालणं कोणालाही जड जात नाही. सहावीतली मुलंसुद्धा दोन मिनिटांत घालतात. लोक अडतात ते त्याच्या पुढच्या प्रश्नावर: "बरं, मग या आकड्यांचं तुम्ही करता काय?" तिथे कार्यकर्ता चाचरला की समोरच्याच्या मनात संशय बसलाच. मग तुम्ही लोकशाहीच्या, न्यायाच्या कितीही गोष्टी सांगा; तो मान हलवतो आणि अर्जावर सही न करता निघून जातो.

मी बँकेत कॅशियर होते. हिशेब डोळ्यांदेखत जुळला पाहिजे ही सवय अंगात मुरलेली, त्यामुळे या कामात आल्यावर मोजणी आपसूकच माझ्याकडे आली. भाषणं इतर करतात; मी चिठ्ठ्या, ट्रे आणि रबर बँड घेऊन बसते. स्थानिक निवडणुकीत पसंतीक्रमाचं मतदान किंवा प्रमाणशीर प्रतिनिधित्व (ज्या गटाला जेवढी मतं, त्या प्रमाणात जागा) आणायचं तर काय करावं, हे त्या टेबलामागे बसून जसं दिसलं तसं लिहिते आहे.

नेमकं काय मागताय?

पहिल्याच बैठकीत हे ठरवून घ्या, कारण या मागण्या दोन आहेत आणि कार्यकर्तेच त्यांची सर्रास गल्लत करतात.

जागा एकच असेल, समजा महापौराची, तर पसंतीक्रमाने एवढं होतं: सगळ्यांत मागे असलेला उमेदवार बाद होतो, त्याची मतं पुढच्या पसंतीच्या उमेदवाराकडे जातात, आणि कोणाकडे तरी निम्म्याहून जास्त मतं येईपर्यंत हे चालू राहतं. दोन सारख्या विचारांच्या उमेदवारांनी मतं फोडली आणि तिसराच निवडून आला, हा प्रकार यामुळे बराच कमी होतो. सॅन फ्रान्सिस्कोत २००४ पासून आणि मिनिआपोलिसमध्ये २००९ पासून असंच चालतं.

पण हे प्रमाणशीर नव्हे. शहरातल्या प्रत्येक वॉर्डात ६० टक्के लोक एका बाजूचे असतील आणि प्रत्येक वॉर्डात जागा एकच असेल, तर पसंतीक्रम लावूनही सगळ्या जागा त्याच बाजूला जातात. उरलेल्या ४० टक्क्यांना सभागृहात बसायला खुर्ची नाही. ती हवी असेल तर एका वॉर्डातून तीन, चार, पाच जण निवडावे लागतात, आणि मोजणी एकल संक्रमणीय मताच्या (म्हणजे मत एकच, पण गरजेप्रमाणे पुढच्या पसंतीकडे सरकणारं) पद्धतीने करावी लागते. पदवीधर मतदारसंघात मत दिलेल्यांना आकडे घालायची सवय असते, पण तिथे जागा एक असल्याने निकाल एकालाच लागतो. राज्यसभेसाठी आमदार मत देतात तेव्हा तेच आकडे, पण जागा अनेक. म्हणून तिथे छोट्या गटालाही संख्याबळ जमवून एखादा माणूस पाठवता येतो. फरक समजावायला याहून सोपं उदाहरण मला सापडलेलं नाही.

एक सापळा इथेच सांगून ठेवते. जागा अनेक आणि मतपत्रिकेवर आकडे, एवढ्यावर खूश होऊ नका. मोजणीचा नियम वाचा. ऑस्ट्रेलियाच्या सिनेटची निवडणूक १९१९ पासून १९४६ पर्यंत पसंतीक्रमानेच व्हायची, पण एकेक जागा वेगळी मोजून भरत. बहुमतवाला गट पहिली जागा घ्यायचा, तोच दुसरी घ्यायचा, तोच तिसरी. १९४६ नंतर सिनेटमध्ये मजूर पक्षाचे ३३ आणि विरोधकांचे फक्त ३ असं चित्र झालं. १९४८ मध्ये कायदा बदलला आणि मोजणी प्रमाणशीर झाली. अलीकडे अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या काही शहरांनी अनेक जागांसाठी एकामागून एक अशी मोजणी स्वीकारली. मतपत्रिका बघून फरक कळत नाही, मोजणीच्या तक्त्यात कळतो.

किती जागांचा वॉर्ड मागायचा? कोटा, म्हणजे एक जागा जिंकायला पुरेशी मतं, कसा निघतो ते बघा: एकूण वैध मतांना जागांपेक्षा एक जास्त अशा संख्येने भागा, अपूर्णांक सोडा, वर एक मिळवा. म्हणजे तीन जागांना साधारण २५ टक्के, पाच जागांना १७ टक्क्यांच्या आसपास, नऊ जागांना १० टक्के. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज शहरात १९४१ पासून नऊ नगरसेवक सबंध शहरातून एकदम निवडतात, म्हणून तिथे दहा टक्क्यांचा गटही एक माणूस पाठवतो. ओरेगनमधल्या पोर्टलंडने २०२२ मध्ये चार प्रभाग, प्रत्येकी तीन जागा असा आराखडा मंजूर केला. स्कॉटलंडने २००७ पासून तीन किंवा चार जागांचे वॉर्ड केले. माझं मत विचाराल तर पाच मागा. तीनवर तडजोड करावी लागली तर करा. दोनवर सही करू नका. दोन जागांत कोटा तेहतीस टक्क्यांवर जातो आणि प्रमाणशीरपणा नावापुरता उरतो.

किल्ली कोणाकडे आहे?

उत्साही मंडळी पालिकेच्या दारात फलक घेऊन उभी राहतात, आणि नंतर कळतं की मतदानाची पद्धत बदलायचा अधिकार पालिकेला नाहीच. कायदा वाचू शकणारा एक माणूस पहिल्या महिन्यात शोधा. वकीलच हवा असं नाही. निवृत्त कारकूनही चालतो, फक्त चिकाटीचा हवा.

जागोजागी कुलूप वेगळं आहे. न्यूझीलंडमध्ये २००१ च्या कायद्याने प्रत्येक पालिकेला पद्धत निवडण्याची मुभा दिली, आणि पाच टक्के मतदारांनी अर्ज केला तर त्यावर जनमत घ्यावंच लागतं. वेलिंग्टनने २००४ पासून ही पद्धत घेतली ती आजवर ठेवली आहे. वेल्समध्ये २०२१ च्या कायद्यानुसार स्थानिक परिषद स्वतः ठरवू शकते, पण दोन तृतीयांश सदस्यांचा होकार लागतो. जुन्या पद्धतीने निवडून आलेल्यांनीच दोन तृतीयांश हात वर करायचे! अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांत शहराच्या सनदेत, म्हणजे कारभाराच्या मूळ नियमावलीत, दुरुस्ती करता येते. पोर्टलंडमध्ये सनद आयोगाने प्रस्ताव तयार करून थेट मतदारांपुढे ठेवला. स्कॉटलंडमध्ये मात्र संसदेनेच २००४ मध्ये कायदा केला आणि तो सगळ्या परिषदांना लागू झाला. चारही ठिकाणी मोहिमेची पहिली दोन वर्षं अगदी वेगळ्या कामात जातील: एकीकडे सह्या, दुसरीकडे नगरसेवकांच्या घरी खेटे, तिसरीकडे आयोगापुढे निवेदनं, चौथीकडे आमदार-खासदार.

वरच्या पातळीवरही लक्ष ठेवा. कॅनडात ओंटारिओ प्रांताने २०१६ मध्ये पालिकांना परवानगी दिली. लंडन (इंग्लंडचं नव्हे, ओंटारिओतलं) शहराने २०१८ मध्ये पसंतीक्रमाने निवडणूक घेतली. त्याच वर्षी तिथल्याच किंग्स्टनच्या मतदारांनी बाजूने कौल दिला. आणि २०२० मध्ये प्रांताने परवानगीच काढून घेतली, त्यामुळे किंग्स्टनमध्ये नव्या पद्धतीने निवडणूक झालीच नाही. अमेरिकेत टेनेसीतल्या मेम्फिसमध्ये मतदारांनी २००८ मध्ये मंजुरी दिली, अंमलबजावणी लांबत गेली, २०१८ मध्ये ती रद्द करण्याचा प्रस्ताव त्याच मतदारांनी फेटाळला, आणि २०२२ मध्ये राज्याने कायदा करून सगळीकडेच बंदी घातली. चौदा वर्षांत एकदाही त्या शहराने नव्या पद्धतीने मत दिलं नाही. म्हणून जिंकल्यावर "पुढच्या निवडणुकीपासून लागू" अशी तारीख ठरावातच घालून घ्या. "तांत्रिक तयारी झाल्यावर" असली शब्दरचना दिसली की समजा, फाईल कपाटात गेली.

एका छोट्या ठिकाणाने वाट पाडल्याचंही उदाहरण आहे. आयर्लंडमधलं स्लायगो गाव, पालिका कर्जात बुडालेली. तिला सावरण्यासाठी १९१८ मध्ये खास कायदा झाला आणि त्यात करदात्यांच्या आग्रहाने ही पद्धत घातली गेली. जानेवारी १९१९ मध्ये निवडणूक सुरळीत पार पडली, आणि १९२० मध्ये आयर्लंडभरच्या स्थानिक निवडणुका त्याच पद्धतीने झाल्या. मला यातली करदात्यांची भूमिका आवडते. त्यांना तत्त्वज्ञान नको होतं. कर आपण भरतो, तर पैसा कुठे जातो ते बघायला आपलं कोणीतरी आत हवं, एवढंच. तुमच्या भागात असा व्यवहारी गट कोणता आहे तो शोधा. सुधारणेची हौस असलेले लोक कुठेही मूठभरच भेटतात.

मोजून दाखवणं

आता माझा प्रांत.

ही पद्धत लोकांना चालून दाखवता येते. बर्मिंगहॅममधला शिक्षक थॉमस राइट हिल याने १८२१ मध्ये एका साहित्य-विज्ञान मंडळाच्या समितीसाठी असा नियम केला होता. त्याच्या शाळेतली मुलं आपल्या आवडत्या उमेदवाराशेजारी जाऊन उभी राहत, असं सांगतात. ज्याच्याभोवती गरजेपेक्षा जास्त गर्दी, तिथली जादा मुलं दुसरीकडे जात. ज्याच्याकडे अगदीच मोजकी, त्याच्याजवळची मुलं त्याला सोडून दुसऱ्याकडे. त्याचाच मुलगा रोलंड हिल, टपाल तिकिटवाला. त्या घराण्याच्या खटपटीतून १८४० मध्ये ॲडलेडच्या नगरपालिका निवडणुकीत प्रमाणशीर निवडीची सोय झाली. तुमच्याकडे तीसेक माणसं आणि मोकळी जागा असेल तर हे करून बघा. पाय हलले की डोक्यात शिरतं.

पण पायांचा खेळ सभेला ठीक. नगरसेवकांपुढे, निवडणूक कार्यालयातल्या अधिकाऱ्यांपुढे, वार्ताहरांपुढे कागदच लागतात. त्यासाठी मी ६० चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा कायमचा तयार ठेवते. लोकांकडून तिथल्या तिथे मतं घेऊनही मोजणी करावी, मी करतेच, पण त्यात काय निघेल याचा नेम नसतो. कधी पहिल्याच फेरीत सगळं संपतं आणि दाखवायला काहीच उरत नाही. तयार गठ्ठ्यात सगळे प्रसंग बसवलेले असतात.

उमेदवार म्हणून माणसं किंवा पक्ष कधीही ठेवू नका. लोक मोजणी विसरून निकालावर भांडतात. मी वाचनालय घेते: तीन कपाटं रिकामी आहेत, कोणत्या पुस्तकांनी भरायची? पर्याय पाच: रहस्यकथा, भयकथा, विज्ञानकथा, कविता, चरित्रं.

सुरुवातीला त्याच गठ्ठ्यावर जुनी पद्धत दाखवते: जागा तीन, तर प्रत्येकाला तीनपर्यंत मतं. साठातले ३६ वाचक थरारवाले. रहस्यकथांना ३६, भयकथांना ३३, विज्ञानकथांना ३३. कवितांना २७, चरित्रांना २४. तिन्ही कपाटं थरारवाल्यांची. चोवीस माणसं वर्गणी भरणार आणि रिकाम्या हातांनी घरी जाणार. इथे मी मुद्दाम थांबते, काही बोलत नाही. कोणीतरी म्हणतंच, "हे बरोबर नाही." ते वाक्य समोरच्याच्या तोंडून यायला हवं.

मग त्याच चिठ्ठ्या पुन्हा, आकडे बघून. कोटा: साठ भागिले चार, पंधरा, अधिक एक, सोळा. पहिल्या पसंतीचे गठ्ठे: रहस्यकथा २४, भयकथा ७, विज्ञानकथा ५, कविता १३, चरित्रं ११. बेरीज साठ. प्रत्येक फेरीला बेरीज मोठ्याने करा. ती साठ आलीच पाहिजे, आणि आली की लोकांचा विश्वास बसतो.

रहस्यकथा निवडून आल्या, पण त्यांच्याकडे आठ मतं जादा आहेत. लोक हमखास अडखळतात ते इथे. मी म्हणते, बिल सोळाचं झालं, तुम्ही चोवीस दिलेत, तर आठ परत नकोत का? फक्त ते परत जाताना तुमच्या दुसऱ्या पसंतीकडे जातात. कोणाचे आठ? सगळ्यांचेच, सारख्या प्रमाणात. चोवीस चिठ्ठ्या दुसऱ्या पसंतीनुसार लावते: १२ विज्ञानकथा, ९ भयकथा, ३ कविता. प्रत्येक ढिगातून तिसरा हिस्सा उचलते: चार, तीन, एक. आता रहस्यकथा १६, भयकथा १०, विज्ञानकथा ९, कविता १४, चरित्रं ११. साठ.

(खऱ्या निवडणुकीत दोन्ही प्रकार आहेत. केंब्रिजमध्ये अख्ख्या मतपत्रिकाच हलतात. स्कॉटलंडमध्ये सगळ्या चिठ्ठ्या हलतात, पण प्रत्येकीचं वजन कमी होतं, पाच दशांश स्थळांपर्यंत. टेबलावर दशांश काढू नका. कोणी विचारलं तर सांगा.)

आता सोळाला कोणी पोचत नाही, म्हणून सगळ्यांत कमी असलेल्या विज्ञानकथा बाद. त्यांच्या नऊ चिठ्ठ्या उघडते: आठांवर पुढची पसंती भयकथा, एकीवर पुढे काहीच लिहिलेलं नाही. ही कोरी चिठ्ठी मी मुद्दाम घातली आहे. ती वेगळ्या ट्रेत ठेवायची आणि स्पष्ट सांगायचं: हिचा प्रवास इथे संपला, कारण मतदाराने पुढे कोणाला पसंती दिली नाही. विरोधक हा मुद्दा काढणारच, तर तो आपल्या टेबलावर आपल्या हाताने निघालेला बरा.

भयकथा १८, निवडून आल्या. एक जागा उरली. कविता १४, चरित्रं ११. भयकथांची दोन जादा मतं कुठेही गेली तरी हे अंतर भरत नाही. चरित्रं बाद, तिसरं कपाट कवितांचं. नियमाने गरज नसली तरी चरित्रांच्या अकरा चिठ्ठ्या मी उघडून दाखवते: बहुतेकांवर दुसरी पसंती कविताच असते. म्हणजे ३६ लोकांना दोन कपाटं, २४ लोकांना एक. चिठ्ठ्या त्याच, माणसं तीच.

वीस मिनिटं लागतात. पंचवीसच्या वर जाऊ देऊ नका. सोबत एक फळा ठेवा आणि आकडे लिहायला समोरच्यांतलाच कोणी घ्या. शक्यतो ज्याला हे पटत नाही असाच. तो खडू हातात घेऊन तीन बेरजा करतो आणि त्यानंतर "यात काहीतरी गडबड आहे" असं म्हणायची त्याला सोय राहत नाही.

निवडणूक राबवणाऱ्या कर्मचाऱ्यांना हे सगळ्यांत आधी दाखवा, जाहीर सभेच्याही आधी. ते निर्णय घेत नाहीत, पण "आम्हाला जमणार नाही" असं त्यांनी एकदा वर कळवलं की मोहीम वर्षभर मागे जाते. त्यांचे प्रश्न अगदी वेगळे असतात: मतपत्रिका किती रुंद, मोजणीला किती टेबलं, बरोबरी झाली तर नियम काय, मतदाराने दोन ठिकाणी १ लिहिलं तर काय. तयार उत्तरं घेऊन जा.

याशिवाय क्लब, विद्यार्थी मंडळ, कामगार संघटना, व्यावसायिकांची संस्था अशांना आपल्या कार्यकारिणीची निवडणूक या पद्धतीने घ्यायला सांगा, मोजणी आपण फुकट करून द्या. एकदा स्वतःच्या संस्थेत मत दिलेला माणूस नंतर तुमच्या बाजूने बोलायला लाजत नाही.

हमखास येणारे प्रश्न

"लोक गोंधळतील, मतं बाद होतील." स्कॉटलंडमध्ये २००७ साली एकाच दिवशी दोन निवडणुका होत्या. स्थानिक निवडणुकीत आकडे लिहायचे होते, तिथे बाद मतं दोन टक्क्यांच्या आत राहिली. फुल्या मारायच्या संसदेच्या मतपत्रिकेवर ती जास्त निघाली. त्याच वर्षी तिथे एकही वॉर्ड बिनविरोध झाला नाही, हेही जोडून सांगा. जिथे वर्षानुवर्षं एकाच पक्षाचा माणूस न लढता निवडून येतो, तिथल्या लोकांना हे फार भिडतं.

"खर्च वाढेल." ब्रिटनमध्ये पसंतीक्रमावर झालेल्या २०११ च्या सार्वमतात विरोधकांनी २५ कोटी पौंडांचा आकडा फलकांवर रंगवला, त्यात मोजणी यंत्रांचा खर्चही धरला होता. ऑस्ट्रेलियात प्रतिनिधिगृहाचे पसंतीक्रम हातांनीच मोजतात आणि आयर्लंडमध्ये बहुजागी मोजणीही हातांनीच होते, हे उत्तर होतं. पण ते फलकांइतकं मोठ्या अक्षरांत कोणी लिहिलं नाही. ६७.९ टक्के मतदार विरोधात गेले. खर्चाचा कागद आपल्याकडे तयार असावा, आणि त्यात कर्मचारी प्रशिक्षण आणि मतदारांना समजावण्याचा खर्च प्रामाणिकपणे धरलेला असावा. शून्य खर्च सांगितलात तर पुढचं कोणी ऐकणार नाही.

"यादीत वरचं नाव फायद्यात राहतं." खरं आहे. स्कॉटलंडमध्ये एकाच पक्षाचे दोन उमेदवार असले की वर्णानुक्रमात आधी येणारा पुढे राहतो, हे वारंवार दिसलं आहे. उपाय ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात १९७९ पासून आहे: नावांचा क्रम बदलून वेगवेगळ्या मतपत्रिका छापायच्या. मागणीच्या मसुद्यात हे कलम आधीच घाला. नंतर घालायला कोणी बसत नाही.

सगळ्यांत अवघड प्रश्न बर्लिंग्टनचा, आणि तो विचारणारा माणूस अभ्यास करून आलेला असतो. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या या शहरात २००९ च्या महापौर निवडणुकीत पहिल्या फेरीत कर्ट राइट पुढे होते, शेवटी बॉब किस जिंकले, आणि मतपत्रिका तपासल्यावर दिसलं की अँडी माँट्रोल हे दोघांनाही समोरासमोर हरवू शकले असते, पण ते आधीच बाद झाले होते. पुढच्या वर्षी मतदारांनी पद्धत रद्द केली. २०२१ मध्ये परिषदेसाठी ती परत आणण्याचा कौल दिला. हे झालंच नाही असं म्हणू नका, त्यात दम नाही. एका जागेच्या मोजणीत असं क्वचित होऊ शकतं. कोणतीच पद्धत या जातीच्या अडचणींतून पूर्ण सुटलेली नाही. आणि हाही माझ्या मते अनेक जागांचा वॉर्ड मागण्यामागचा एक मुद्दा आहे, कारण तिथे मधल्या उमेदवाराला बाद होण्याची एवढी घाई नसते.

सह्या गोळा करण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. लागतात त्याहून भरपूर जास्त घ्या, कारण छाननीत गळतात. नाव-पत्ता मतदार यादीत आहे तसाच लिहून घ्या. आणि प्रस्ताव हलका ठेवा. पोर्टलंडने नोव्हेंबर २०२४ मध्ये नव्या पद्धतीने पहिली निवडणूक घेतली, आणि त्याच दिवशी ओरेगनच्या राज्यभरच्या मतदारांनी पसंतीक्रमाचा राज्यव्यापी प्रस्ताव नाकारला. शहराला पटलेलं राज्याला पटेलच असं नाही. आपलं शहर आधी नीट करा.

जिंकल्यानंतरची तयारी

न्यूयॉर्क शहरात १९३७ पासून पाच निवडणुका एकल संक्रमणीय मताने झाल्या. १९४५ मध्ये २३ पैकी १४ जागा डेमोक्रॅट्सना, बाकीच्या चार पक्षांत वाटलेल्या, त्यांत दोन कम्युनिस्ट. १९४७ मध्ये साम्यवादाची भीती घालून ती रद्द केली गेली, आणि १९४९ मध्ये डेमोक्रॅट्सना २५ पैकी २४ जागा मिळाल्या. सिनसिनाटीत १९२५ पासून चालू असलेली पद्धत १९५७ मध्ये गेली. कृष्णवर्णीय नगरसेवक थिओडोर बेरी महापौर होतील ही भीती त्या प्रचारात वापरली गेली. दोन्हीकडे मोजणी बरोबर झाली होती. तिच्यामुळे ज्यांना खुर्ची मिळाली ते काहींना नको होते. आयर्लंडमध्ये १९५९ आणि १९६८ मध्ये, दोनदा, सरकारनेच ही पद्धत मोडायचा प्रस्ताव आणला, आणि दोन्ही वेळा मतदारांनी तो फेटाळला. केंब्रिजमध्येही ती काढण्याचे प्रयत्न पुन्हापुन्हा झाले आणि टिकले नाहीत. तेव्हा मोहिमेची समिती विजयाच्या रात्री बरखास्त करू नका. निदान दोन निवडणुका होईपर्यंत ठेवा.

पहिल्या निवडणुकीत अडचणी येतील. पोर्टलंडमध्ये काही प्रभागांत उमेदवार तीसच्या घरात गेले आणि शहरात साधारण पाचातल्या एका मतदाराने परिषदेचा रकाना कोराच सोडला. तीस नावं बघून कोणीही दबकेल. मतदारांना सांगा: ओळखीची चार-पाच नावं निवडा, त्यांना क्रम द्या, बाकी सोडा.

मोजणीच्या रात्रीचं वेळापत्रक निवडणूक कार्यालयाकडून आधी जाहीर करून घ्या. न्यूयॉर्कमध्ये जून २०२१ च्या महापौरपदाच्या पक्षांतर्गत उमेदवार निवडीत (प्रायमरीत) सुरुवातीच्या निकालात सुमारे १,३५,००० चाचणी मतपत्रिका चुकून धरल्या गेल्या. आकडे मागे घ्यावे लागले. चूक कार्यालयाची होती, पण बदनाम झाला पसंतीक्रम. म्हणून निकाल फेरीनिहाय तक्त्यात लागावेत, प्रत्येक फेरीखाली बेरीज असावी, संपलेल्या मतांचा स्वतंत्र रकाना असावा.

आणि मतदारांची ओळख काढून टाकून सगळ्या मतपत्रिकांवरचे पसंतीक्रम जसेच्या तसे फाईलमध्ये खुले करण्याची अट नियमातच घालून घ्या. बर्लिंग्टनमधली खोच बाहेर आली ती ही माहिती खुली होती म्हणून, आणि टीकाकारांनी ती वापरली. वापरू द्या. ज्याला शंका असेल त्याने घरी बसून पुन्हा मोजावं. बेरीज जुळली नाही तर कळवायला एक फोन नंबर आणि त्यावर उचलणारा एक माणूस ठेवा.